कॅलिब्रेशनचं स्टिकर आहे, पण वॉर्डात यंत्र नीट वापरलं जातं का हे कसं तपासायचं?

सोलापुरातल्या एका 60 खाटांच्या खासगी रुग्णालयातल्या इन्चार्ज सिस्टरांनी हा प्रश्न विचारला आहे. एनएबीएचची (रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणारी संस्था) तयारी चालू आहे. सगळ्या यंत्रांचं कॅलिब्रेशन (आकडा बरोबर येतो का याची तपासणी) झालंय, एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) आहे, फाइल भरलेली आहे. पण तपासायला आलेल्या असेसरनं विचारलं, "रोजच्या कामात ही यंत्रं बरोबर वापरली जातात हे तुम्ही कसं बघता?" आणि तिथं गाडी अडली. सिस्टरांना एखादा तयार फॉर्म हवा आहे.

सिस्टर, फॉर्म शेवटी सांगतो. आधीच फॉर्म घेऊन वॉर्डात गेलात तर प्रत्येक रकान्यात 'होय' लिहून परत याल. अशा 'होय'नं भरलेल्या फायली मी सोलापुरात, बार्शीत, पंढरपुरात भरपूर बघितल्या आहेत.

कॅलिब्रेशनचा दाखला एवढंच सांगतो की त्या दिवशी, टेबलावर, इंजिनिअरच्या हातात यंत्रानं बरोबर आकडा दाखवला. रात्री 3 वाजता एकाच सिस्टरकडे अर्धा वॉर्ड असताना त्या यंत्रातून पेशंटला काय मिळतं, हे त्यात कुठून येणार? सरकारी बाजूलाही हीच अडचण आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानात 2015 पासून उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम चालतो. जिल्हा रुग्णालयात 95 टक्के, सामुदायिक आरोग्य केंद्रात 90 टक्के आणि प्राथमिक केंद्रात 80 टक्के काळ यंत्रं चालू स्थितीत असावीत असं त्याचं उद्दिष्ट आहे. त्यानं बंद पडलेली कितीतरी यंत्रं मार्गी लागली, यात वाद नाही. पण स्टोअरमध्ये प्लास्टिकखाली झाकलेल्या, कुणी हातच न लावलेल्या व्हेंटिलेटरचा अपटाइमसुद्धा (चालू स्थितीतला काळ) 100 टक्केच भरतो. यंत्र चालतं का हा एक प्रश्न झाला आणि यंत्रानं काम होतं का हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर फक्त खाटेशेजारी उभं राहून मिळतं.

सगळी यंत्रं एकदम घेऊ नका. जिथं चूक झाली तर पेशंटला थेट इजा होईल, जे दर शिफ्टला वापरलं जातं आणि ज्याचे तुमच्याकडे दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे नग आहेत, ते यंत्र पहिलं. तिसरी गोष्ट लोक विसरतात. एका पंपावर 'स्टार्ट'चं बटण उजवीकडे, दुसऱ्यावर डावीकडे, तिसऱ्यावर दोनदा दाबावं लागतं, आणि तीच सिस्टर एका शिफ्टमध्ये तिन्ही हाताळते. 60 खाटांच्या रुग्णालयात माझी निवड ठरलेली असते: सिरिंज पंप, ग्लुकोमीटर आणि आयसीयूतले मॉनिटर.

आता बघायचं कसं. आधी स्टाफला सरळ सांगा की आम्ही यंत्र तपासतोय, तुम्हाला नाही, आणि कागदावर कुणाचंही नाव येणार नाही. मग तो शब्द पाळा. एकदा जरी त्या कागदावरून कुणाला मेमो गेला तर पुढची दोन वर्षं तुम्हाला फक्त नाटक दिसेल. मेट्रन मॅडमना बरोबर नेऊ नका, त्या असल्या की हात आपोआप पुस्तकाप्रमाणे चालतात. सुरुवातीच्या एक-दोन फेऱ्या तशाही फुकट जातात, लोक सांभाळून वागतात. नंतर काम अंगावर आलं की कोण उभं आहे याचं कुणाला भान राहत नाही, आणि तुम्हाला हवं ते तेव्हा दिसतं. वेळाही तशाच निवडा: सकाळची 8 ची हँडओव्हर, सीटी स्कॅनसाठी पेशंट हलवताना, आणि मध्यरात्रीनंतर. सकाळी 11 ला, राउंड झाल्यावर, सगळीच रुग्णालयं आदर्श असतात.

"हे कसं वापरायचं माहीत आहे का?" असं कधीच विचारू नका. उत्तर 'हो'च येतं. "आता हेच करून दाखवा" म्हणा आणि गप्प राहा. गप्प राहणं अवघड आहे, विशेषतः आपल्यासारख्या शिकवायची सवय असलेल्या लोकांना. पण मध्येच "असं नाही, असं" म्हटलंत की पुढची माहिती बंद. अपवाद एकच: पेशंटला धोका दिसला तर ताबडतोब हात धरायचा.

सिरिंज पंपाबद्दल (सिरिंजमधलं औषध हळूहळू शिरेत सोडणारं यंत्र) जरा लांबवतो, कारण सगळ्यात जास्त सापडतं ते इथंच. अमेरिकेच्या एफडीएकडे (औषधं आणि उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 2005 ते 2009 या काळात इन्फ्युजन पंपांबाबत सुमारे 56,000 तक्रारी नोंदल्या गेल्या. त्यात बिघाड होते, सॉफ्टवेअरचे दोष होते, आणि स्क्रीन व बटणांच्या गोंधळात टाकणाऱ्या रचनेमुळे झालेल्या चुकाही होत्या. आपल्याकडे यात एक खास भर पडते, ती म्हणजे सिरिंजचा ब्रँड. सिरिंज पंपाला आत किती औषध आहे ते कळत नसतं. तो फक्त दट्ट्या ठरावीक वेगानं पुढं ढकलतो, आणि त्यातून किती मिली गेलं याचा हिशेब सिरिंजच्या आतल्या व्यासावरून करतो. म्हणून सुरुवातीला सिरिंजचा ब्रँड निवडावा लागतो. स्टोअरनं या महिन्यात स्वस्त मिळाली म्हणून दुसऱ्या कंपनीची 50 मिलीची सिरिंज आणली, पंपाच्या यादीत ती नाहीच, तर सिस्टर काय करणार? यादीतलं पहिलं नाव दाबणार आणि पुढं जाणार. व्यासात 5 टक्के फरक असेल तर प्रवाहात साधारण 10 टक्के फरक पडतो, कारण हिशेब व्यासाच्या वर्गाचा असतो. सलाइनला काही बिघडत नाही. बीपी टिकवणारं नॉरअ‍ॅड्रेनालिन चालू असेल तर बीपी का हलतंय हे शोधण्यात डॉक्टरांची रात्र जाते. या पंपाचं कॅलिब्रेशन मात्र अगदी बरोबर असतं, कारण ते करताना इंजिनिअरनं यादीतली योग्य सिरिंज लावलेली असते.

म्हणून पंपाशी उभं राहिलात की पहिल्यांदा स्क्रीनवरचं सिरिंजचं नाव आणि सिरिंजवर छापलेलं नाव जुळतं का ते बघा. जुळत नसेल तर तो दोष नर्सिंगचा धरू नका. खरेदीवाल्यांना आणि इंजिनिअरला एकत्र बसवून एकच ब्रँड कायम करा, किंवा कंपनीकडून ती सिरिंज पंपात भरून घ्या. प्रशिक्षणानं हे सुटणार नाही.

दुसरी गोष्ट अडथळ्याच्या अलार्मची. 50 मिलीची सिरिंज ताशी 1 मिलीनं चालू आहे आणि नळी पेशंटच्या हाताखाली दबली, तर अलार्म व्हायला अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागू शकतो. तोवर औषध जात नाही, आणि स्क्रीनवर सगळं हिरवं. अलार्म झाल्यावर सिस्टर नळी सरळ करते, की आत साठलेला दाब एकदम सुटतो आणि औषधाचा छोटा झटका पेशंटला बसतो. बरोबर पद्धत अशी: आधी पेशंटच्या बाजूचा थ्री-वे (नळीवरची तीन तोंडांची चावी) बंद करायचा, दाब सोडायचा, मग नळी मोकळी करायची. किती जणी असं करतात ते मोजू नका, का करत नाहीत ते विचारा. एका ठिकाणी उत्तर मिळालं की थ्री-वे चादरीखाली असतो, हात पोचत नाही. मग लाइनची मांडणी बदलली. एवढंच लागत होतं.

आणि बॅटरी. पंप रोज प्लगला असेल असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात खाटेमागं चार सॉकेट असतात आणि यंत्रं सहा. त्यातल्या एकात नातेवाइकाचा मोबाइल. पंप दिवसभर बॅटरीवर चालतो, संध्याकाळी पेशंटला सीटीला नेलं की लिफ्टमध्ये बंद पडतो. बघायला गेलात तर प्रत्येक खाटेमागचे सॉकेट मोजा आणि त्यात काय-काय खोचलंय ते लिहून घ्या. मला या एका रकान्यानं जेवढं सांगितलं तेवढं महागड्या ऑडिट रिपोर्टांनी सांगितलेलं नाही.

ग्लुकोमीटर दिसायला क्षुल्लक, पण सोलापुरात त्याचा वेगळा विचार करावा लागतो. बहुतेक कंपन्या स्ट्रिप 30 अंशांपर्यंतच ठेवायला सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर 42-43 असतं आणि एसी नसलेल्या जनरल वॉर्डात खिडकीजवळच्या ट्रॉलीवर काय होतं हे तुम्हाला माहीत आहे. त्यात डबीचं झाकण उघडं राहतं, किंवा धावपळ नको म्हणून पाच-सहा स्ट्रिप काढून एप्रनच्या खिशात. झाकणाच्या आत ओलावा शोषणारा पदार्थ असतो, तो त्या खिशात कुठून येणार? डबी उघडल्याची तारीख लिहिलेली असते का हेही बघा. साधारण तीन महिन्यांत ती संपवायची असते, नेमकं आपल्या स्ट्रिपच्या डबीवर वाचा.

याहून महत्त्वाचा मुद्दा रक्ताक्षयाचा. हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) कमी असेल तर बरेच ग्लुकोमीटर साखर खरीपेक्षा जास्त दाखवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्ताक्षय आढळला. विडी वळणाऱ्या एखाद्या बाईचं हिमोग्लोबिन 6 आहे, मीटर 110 दाखवतंय, प्रत्यक्षात साखर त्याहून बरीच खाली असू शकते आणि आपण निर्धास्त. स्ट्रिपच्या कागदावर हिमॅटोक्रिटची चालणारी मर्यादा छापलेली असते. तो कागद डबा उघडल्या उघडल्या कचऱ्यात जातो. शॉकमधल्या, हातपाय गार पडलेल्या पेशंटच्या बोटावरची साखरही भरवशाची नसते, तिथं शिरेतलं रक्त लॅबला पाठवायचं. हे तपासताना मीटर बघू नका, निर्णय बघा: हिमोग्लोबिन खूप कमी असलेल्या पेशंटला बोटावरच्या आकड्यावर इन्सुलिन दिलं गेलं का? मागच्या महिन्याच्या केसपेपरांत ते सापडतं.

बीपीचा कफ दोन ओळींत. एकच मध्यम कफ सगळ्या वॉर्डाला, हे जवळजवळ सगळीकडे आहे. 2023 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ज्यांना सगळ्यात मोठा कफ लागतो त्यांना नेहमीचा लावला तेव्हा वरचा दाब सरासरी 20 मिमीच्या आसपास जास्त आला. मोठा कफ आणा आणि तो मॉनिटरजवळ टांगा. कपाटात ठेवला तर वापरला जाणार नाही.

मॉनिटरच्या अलार्मबद्दल तुम्हीच मला सांगाल. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशननं (तिथली रुग्णालयांना मान्यता देणारी संस्था) 2013 मध्ये इशारा दिला होता, त्यात 85 ते 99 टक्के अलार्मना वैद्यकीय कृतीची गरजच नसते असा अंदाज होता. एवढ्या कलकलाटात माणूस ऐकणं सोडून देतो, हे त्याच्या आळशीपणानं होत नाही. तपासायला सोपं आहे. प्रत्येक मॉनिटरच्या अलार्म मर्यादा लिहून घ्या. कंपनीतून आल्या तशाच आहेत, पेशंटप्रमाणे बदलल्यात, की सगळ्या बंद करून ठेवल्यात? सीओपीडीच्या (फुप्फुसांचा जुनाट आजार) पेशंटला डॉक्टरांनी ऑक्सिजन 88 ते 92 ठेवायला सांगितलंय आणि अलार्मची खालची मर्यादा 90 वर, तर तो दिवसभर बोंबलणारच, आणि कुणीतरी त्याचा आवाज बंद करणारच. मग एक तास बसून मोजा: किती अलार्म वाजले, त्यातल्या कितींना कुणी उठलं, कितींसाठी उठायला हवं होतं. मॉनिटरमध्ये इव्हेंटची नोंदही साठते. इंजिनिअरला सांगून ती काढून घ्या, ती खोटं बोलत नाही. सुटलेली प्रोब (बोटाला लावायचा सेन्सर), वाळलेले ईसीजी इलेक्ट्रोड, बोटावरची काळी मेंदी, गार पडलेला हात, यातून येणारा कलकलाट सगळ्यात मोठा असतो आणि तो कमी करायला पैसे फारसे लागत नाहीत. इलेक्ट्रोड रोज बदला, बोट बदलून बघा, प्रोब कानाच्या पाळीला लावून बघा.

आता एक गोष्ट, जी बाहेरच्या कुठल्याच चेकलिस्टमध्ये नसते. आपल्याकडे यंत्र फक्त सिस्टर वापरत नाहीत. नेब्युलायझर नातेवाईक धरतो. ऑक्सिजनचा फ्लोमीटर "पेशंटला गुदमरतंय" म्हणून नातेवाईक वाढवतो आणि "आवाज येतोय" म्हणून कमी करतो. मॉनिटरचा आवाज बंद करायचं बटण कुठलं हे दुसऱ्या दिवशी त्याला पाठ असतं. सक्शनची (घशातला स्राव ओढून घेणारं यंत्र) बाटली वॉर्डातल्या मदतनीस मावशी रिकामी करतात आणि झाकण परत बसवतात; ते नीट बसलं नाही तर दाब तयार होत नाही, मग यंत्र खराब झाल्याची तक्रार माझ्याकडे येते. ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरमध्ये पाणी वॉर्डबॉय मामा भरतात, नळाचं की डिस्टिल्ड हे त्यांनाच विचारा. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर धूळ बसू नये म्हणून कुणीतरी मायेनं चादर पांघरतं आणि हवा आत घ्यायची जाळीच झाकली जाते. चादर अर्थातच आपलीच, सोलापुरी. तेव्हा निरीक्षणात मावशी, मामा आणि नातेवाईक यांचे हातही धरा. सोलापूरच्या पूर्व भागातली बरीच कुटुंबं घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडून आलेली कन्नड. सूचना मराठीत चिकटवून आपलं समाधान होतं. फ्लोमीटरवर ठरलेल्या आकड्याला लाल पट्टी लावा आणि सांगायचं ते त्यांच्या भाषेत, तुमच्याकडच्याच तेलुगू येणाऱ्या सिस्टरकडून सांगा.

यंत्रावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या आणि पट्ट्या काढून टाकायची घाई करू नका. असेसर येणार म्हटलं की सगळी चिकटपट्टी सोलून काढतात, पण तुमचा निम्मा अभ्यास त्याच पट्ट्यांवर असतो. 'हे बटण दाबू नये', 'आधी मागचा स्विच', 'प्लग हलवून बघा' असं जिथं लिहिलंय तिथं यंत्राच्या रचनेत किंवा दुरुस्तीत काहीतरी अडलं आहे आणि स्टाफनं आपल्या परीनं त्यावर तोड काढली आहे. दाराला लाकडी पाचर लावलेली दिसली तर आपण आधी कडी बघतो ना, तसंच हे. प्रत्येक चिठ्ठीचा फोटो काढा, ती कुणी आणि का लावली ते विचारा. काही जुगाड धोकादायक असतात, ते थांबवायचेच. नवजात बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरची त्वचेवरची प्रोब सारखी निघते म्हणून ती गादीवर ठेवून मॅन्युअल मोडवर बाळ ठेवणं, हा त्यातला. बाळाचं तापमान वाढत जातं आणि वॉर्मरला पत्ताच नसतो. पण थांबवताना प्रोब चिकटवायचे स्टिकर स्टोअरमध्ये आहेत का, तेही बघा. बहुतेक वेळा संपलेले असतात.

काही अघटित घडलं तर पहिला नियम: यंत्र जसं आहे तसं ठेवा. पेशंटला दुसरं यंत्र लावा, मग जुन्याच्या स्क्रीनचा फोटो घ्या. सिरिंज, नळी, कॅसेट काहीही फेकू नका, बंद-चालू करून बघू नका. आपल्याकडे घटना घडली की दहा मिनिटांत सगळं स्वच्छ होतं आणि मग कारण शोधायला काही उरत नाही. अशा घटना देशपातळीवर कळवायची सोय आहे. जुलै 2015 पासून मटेरिओव्हिजिलन्सचा (वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या इजांवर लक्ष ठेवण्याचा) कार्यक्रम चालू आहे, त्याचं राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. कळवणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे. 'वापरणाऱ्याकडून चूक झाली' असं वाटलं तरी कळवा, कारण तीच चूक नागपुरात आणि नाशकात होत असेल तर दोष माणसात कमी आणि यंत्रात जास्त आहे.

नवीन यंत्र घेताना हे सगळं कामाला येतं. कंपनीचा माणूस डेमो देतो तो कॉन्फरन्स रूममध्ये, डॉक्टरांना आणि मालकांना. तुम्ही हट्ट धरा की यंत्र आठवडाभर वॉर्डात हवं आणि रात्रपाळीच्या सिस्टरनं, प्रशिक्षण न देता, मॅन्युअल न देता, हातमोजे घालून ते सुरू करून बघावं. कुठं अडकली ते लिहा. वैद्यकीय उपकरणांचे 2017 चे नियम जानेवारी 2018 पासून लागू आहेत, त्यात धोक्याप्रमाणे अ ते ड असे वर्ग आहेत, पण परवाना आहे म्हणजे तुमच्या वॉर्डात ते सोपं जाईल असं त्यात कुठं म्हटलेलं नाही. आणि सिरिंज, स्ट्रिप, प्रोब, फिल्टर यांचा वर्षाचा खर्च यंत्राच्या किमतीशेजारी मांडा.

प्रशिक्षण मी मुद्दाम मागं ठेवलं आहे. प्रत्येक रिपोर्टच्या शेवटी 'स्टाफला पुन्हा प्रशिक्षण द्यावे' असं येतं, आणि सहा महिन्यांत निम्मा स्टाफ बदललेला असतो. आधी जागा, साहित्य, सेटिंग आणि खरेदी सुधारा. त्यानंतरही जे उरेल त्यासाठी खाटेशेजारी पाच मिनिटं.

आता तुमचा फॉर्म. अर्धं पान पुरे. वर तारीख, शिफ्ट, वॉर्ड, यंत्राचा नंबर. माणसाचं नाव नाही. खाली चार मोकळ्या जागा: काय काम करायचं होतं, हातांनी प्रत्यक्ष काय केलं, कुठं अडलं, आणि तेव्हा आजूबाजूला काय होतं, म्हणजे किती पेशंट, कोण हाक मारत होतं, प्लग कुठं होता. 'बरोबर-चूक'चा रकाना ठेवू नका, तो नंतर तुम्ही, एक डॉक्टर आणि इंजिनिअर बसून भरा. एका यंत्राची अशी पंधरा-एक निरीक्षणं झाली की तेच-तेच येऊ लागतं. एफडीएसुद्धा कंपन्यांना बाजारात आणण्यापूर्वीच्या चाचणीसाठी प्रत्येक प्रकारचे किमान 15 वापरकर्ते घ्यायला सांगते. असेसरला हे पंधरा कागद आणि त्यातून बदललेल्या दोन-तीन गोष्टी, आधीच्या आणि नंतरच्या फोटोंसकट दाखवा.

एका तिमाहीला एकच यंत्र घ्या. पंपांपासून सुरुवात करा, ते कुठल्याही ऋतूत चालतात. ग्लुकोमीटर मात्र एप्रिल-मेसाठी राखून ठेवा, आणि त्या वेळी ट्रॉलीवर एक साधा थर्मामीटर ठेवायला विसरू नका.